आमच्या नाटकाचा त्यांचा सिनेमा

"काकू, तुमची रिॲक्शन हवीय." हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी फोनवर आमच्या बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचं नाव उमटलं की मी फोन पालथा घालून ठेवायला लागले. सिनेमा अजून लागायचा होता. न पाहिलेल्या सिनेमाची रिॲक्शन काय देणार, कपाळ? "म्हणजे काकू, एक्साइटमेंटची रिॲक्शन," तो म्हणायचा. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, मारतहळ्ळीला राहणारा मुलगा. वाईट मुळीच नाही. गणपतीत मंडपाच्या दोऱ्या बांधण्यापासून भांडी मोजण्यापर्यंत सगळं करतो. पण त्याच्या हातात सदैव मोबाईल, आणि मोबाईल नेहमी माझ्या तोंडासमोर.

त्याला माझी रिॲक्शन हवी होती, कारण सिनेमा ज्या संगीत नाटकावरून काढला त्या नाटकाची मूळ नायिका मी. हे सांगताना मला अजून संकोच होतो. नायिका म्हटलं की लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि मनातल्या मनात वजाबाकी करतात.

नाटक आमच्या चामराजपेटेतलं. आमची घरं इथं किती पिढ्यांची आहेत ते आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हीची भेळ. आमच्याच गल्लीतल्या बँकेत कारकुनी करणाऱ्या एका गृहस्थांनी हे नाटक लिहिलं, चालीही त्यांनीच लावल्या. गोष्ट एवढीशी. दुधावरचं झाकण कुणी उघडं टाकलं यावरून नवरा-बायकोचं भांडण होतं आणि दोघं बोलणं टाकतात. पण संसार न बोलता कसा चालणार? मग जे सांगायचं ते दोघंही भिंतीकडे तोंड करून गाण्यात सांगतात. "भिंतीबाई, तिला एवढं सांगा, ताटावरी बसलो मी कधीचा." हे नवऱ्याचं पद. त्यावर मी स्वयंपाकघरातून, तेही दुसऱ्या भिंतीला, उत्तर देत असे. लोक हसून हसून बेजार होत, आणि तिसऱ्या अंकात भिंतीकडून उत्तर येईनासं झालं की तेच लोक डोळे पुसत.

नवरा व्हायचे ते अण्णा. खऱ्या आयुष्यात त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. माझ्याहून वयानं मोठे, पण इथल्या रीतीप्रमाणे मला अक्काच म्हणत. रंगमंचावर मी त्यांना "अहो, ऐकलंत का" म्हणून लाजायचं आणि विंगेत आल्याबरोबर "अण्णा, धोतर सुटतंय" म्हणून खेकसायचं, असा आमचा संसार. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, सगळीकडे प्रयोग केले. एकदा पुण्यालाही गेलो. तिथे प्रयोगानंतर एक बाई आत येऊन म्हणाल्या, "तुमचं मराठी किती गोड आहे हो!" शाळेतल्या मुलानं पहिल्यांदा बुटाची नाडी बांधली की जसं म्हणतात तसं. अण्णांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

मग नाटक बंद पडलं, जशी नाटकं पडतात. पेटीवाले गेले, तबलजी मुलाकडे म्हैसूरला राहायला गेला, लिहिणारे गृहस्थही वारले. आम्ही दोघं राहिलो.

आणि मग हा दिग्दर्शक आला. लेखकाच्या मुलाकडून रीतसर परवानगी घेऊन आला होता, तेव्हा त्या बाबतीत बोलायला जागा नव्हती. माझ्या घरी बसला, दोनदा कॉफी प्यायला, चिरोटी आवडीनं खाल्ली आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "ताई, आम्ही गोष्ट जरा आजची केलीय." आजची म्हणजे चामराजपेट गेली. नवरा-बायको दोघंही कंपनीत, मारतहळ्ळीच्या एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर. दुधाचं झाकण गेलं, त्याजागी वायफायचा पासवर्ड आला.

"आणि गाणी?"

"गाणी आहेत ना! बॅकग्राउंडला. आजच्या ऑडियन्सला ना ताई, माणसं मधेच का गायला लागतात ते कळत नाही."

"अरे, ती एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून गातात! नाटकच ते आहे!"

"एक्झॅक्टली," तो म्हणाला, आणि त्यानं काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं देव जाणे. सिनेमात त्याचा मागमूस नव्हता.

वर मूळ कलाकारांना मानवंदना म्हणून आम्हा दोघांना एकेक छोटी जागा देऊ केली. मला लिफ्टमधली बाई. लिफ्टचं दार उघडणार, मी नायिकेकडे बघून ओळखीचं हसणार, दार बंद होणार. मी म्हटलं, "मला लिफ्टमध्ये गुदमरतं." खरं तर गुदमरत नाही. पण ज्या बाईनं तीन अंक अंगावर पेलले तिनं दार उघडण्या-मिटण्यापुरतं हसावं, हे मला झेपण्यातलं नव्हतं.

अण्णांना इमारतीचा म्हातारा वॉचमन दिला होता. हा वॉचमन दुपारी कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून "भिंतीबाई"च्या चार ओळी गातो, त्या नायक ऐकतो आणि त्याला आपली चूक उमगते. म्हणजे सबंध सिनेमात ज्या एका माणसाच्या तोंडून गाणं येणार होतं तो माणूस अण्णा. त्यांना केवढा आनंद झाला! "अक्का, भिंत तरी ठेवली त्यांनी," म्हणाले. मी म्हटलं, "नायकाचं पद वॉचमनला गायला लावलं, त्यात काय उजेड पडला?" पण त्यांना ते ऐकायचंच नव्हतं.

चित्रीकरण यशवंतपूरला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये होतं. मी त्यांच्याबरोबर गेले. गायच्या आधी त्यांना कोमट पाणी आणि खडीसाखर लागते, आणि हे त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त ठाऊक. प्लायवूडची भिंत उभी केली होती, वर पत्रा तापलेला, कोपऱ्यात घरघरणारा भलामोठा पंखा. वॉचमनच्या गणवेशात अण्णा उभे राहिले, डोळे मिटले आणि गायले. मधेच दिग्दर्शक "कट" म्हणून ओरडला, पण ते थांबले नाहीत. समेवर आल्याशिवाय थांबायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. दिवे धरणारी माणसं, सुतार, चहावाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकानंही वाजवल्या. "पायलट मस्त झालाय," असं तो कानाला यंत्र लावलेल्या माणसाला म्हणाला. आम्हाला वाटलं, पायलट म्हणजे पहिल्या नंबरचा. नाटकवाल्यांना एवढंच कळतं की गायलं म्हणजे गायलं. तिकीट काढून बसलेल्या माणसाला जे ऐकू गेलं ते झालं, ते काही नंतर कुणी काढून घेत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांचा आवाज बसायला लागला. आधी काढे, मग वाफारे, मग डॉक्टर. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, त्यासाठी देवापुढे साखर ठेवली. पण आवाज गेला. आता ते बोलतात ते नुसत्या श्वासावर, फार जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही. छापखान्यात यंत्र चालू असलं की गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलतात.

आमच्या नाटकाचं रेकॉर्डिंग कुणी केलं नव्हतं. एक कॅसेट होती, ती अण्णांच्याच घरच्या दमट कपाटात बुरशी लागून गेली. म्हणजे ज्या आवाजानं हुबळीचं थिएटर डोक्यावर घेतलं होतं, तो आता कुठेच नव्हता. त्यांच्या मुलीनंही तो धड ऐकला नव्हता. नाटक जोरात होतं तेव्हा ती एवढीशी होती, मेकअपच्या खोलीत ट्रंकेवर झोपून जायची. आणि घरी अण्णा कधी गात नसत, गल्लीला त्रास नको म्हणून.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. "अक्का," श्वासातून म्हणाले, "शेडमध्ये गायलो ते चांगलं झालं बघ. आता तिथे आहे तो. राहिला."

मी "सरी, बरं" म्हटलं आणि कॉफीचे पेले घेऊन आत गेले. माझ्याच्यानं तिथे बसवेना.

या एका गोष्टीमुळे मी त्या सिनेमाची वाट बघू लागले, नाहीतर माझ्याकडून तो जळो नाहीतर उरो. अण्णांनी तर कमाल केली. छापखाना घरचाच. त्यांनी सिनेमाच्या खेळाचं आमंत्रण छापलं, थेट लग्नपत्रिकेसारखं. वर गणपती, खाली कुलदेवतेची कृपा, मध्ये सोनेरी अक्षरांत "आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन शुभाशीर्वाद द्यावेत". शुभाशीर्वाद कुणाला, वॉचमनला? मी कपाळावर हात मारला. "अण्णा, आहेर नको एवढं तरी छापायचं होतंत." ते आवाज न करता हसले. खांदे तेवढे हलले.

बेंगळुरात मराठी सिनेमा म्हणजे रविवारी सकाळचा एक खेळ, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. चामराजपेटेहून मारतहळ्ळीच्या त्या मॉलला जायचं म्हणजे परगावी निघाल्यासारखं. अण्णांचे नातेवाईक लग्नाला निघावं तसे निघाले. जरीकाठी साड्या, मोगऱ्याचे गजरे, म्हाताऱ्या आत्यांना धरायला दोघं-दोघं, आणि पिशवीत चकल्या. चकल्या दारातच अडवल्या. "बाहेरचं खाणं नाही," असं सिक्युरिटीवाल्यानं हिंदीत सांगितलं, आत्यांनी त्याला कन्नडमध्ये झापलं, सेक्रेटरीनं इंग्रजीत मध्यस्थी केली आणि शेवटी चकल्या बाहेरच राहिल्या. माझं डोकं तिथेच तापलं. सिनेमाबद्दल काय बोलायचं ते मी कित्येक दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. खेळ संपल्यावर सेक्रेटरीनं मोबाईल पुढे केला की मी सगळं, एकूण एक, सांगणार होते. घे म्हणावं रिॲक्शन.

सिनेमा सुरू झाला आणि माझी यादी वाढतच गेली. नायिका सुरेख होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिला भांडता येत नव्हतं. ती रागावली की खिडकीतून बाहेर बघायची. मी नाटकात रागावले की पोळपाट आपटायचे, आणि तो पोळपाट तालात आपटायचे! इथे दोघं न बोलता तळ्याकाठी चालताहेत, मागे माझं पद वाजतंय, आणि कुणाचंही तोंड हलत नाही. गाणं गळ्यातून येतं, ढगातून येत नाही. शेजारच्या आत्यानं मला विचारलं, "कोण गं गातंय हे?" मी म्हटलं, "कुणी नाही." तिला ते पटलं, कारण पडद्यावर खरंच कुणी गात नव्हतं.

अण्णा माझ्या उजव्या हाताला होते, त्यांच्यापलीकडे त्यांची मुलगी. अण्णा सिनेमा बघतच नव्हते, वाट बघत होते. मांडीवर दोन्ही हात ठेवून, एंट्रीच्या आधी विंगेत बसायचे तसे.

मध्यंतरानंतर ती भिंत आली. आमची सगळी रांग ताठ झाली. वॉचमन टोपी काढतो, भिंतीकडे वळतो. पडद्यावर अण्णांचा चेहरा केवढा मोठा! गळ्याची शीर, कानावरचे पांढरे केस, डोळे मिटलेले. आणि गाणं सुरू झालं. "भिंतीबाई, तिला एवढं सांगा..."

पहिल्या ओळीला मला काही वाटलं नाही. सिनेमातला आवाज जरा गुळगुळीत असायचाच, असं धरून चालले. दुसऱ्या ओळीत तान वर जाते. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी अण्णांना आणि मलाच माहीत होती. वरच्या षड्जाला अण्णांचा आवाज फाटायचा. दर प्रयोगाला. जरासाच, कापड उसवावं एवढा. म्हणून ते तिथे पोचले की मी माझी ओळ अर्धी मात्रा आधीच उचलायचे, म्हणजे लोकांना फाटलेलं ऐकू जाऊ नये. आमच्यात याबद्दल एकदाही बोलणं झालं नव्हतं. त्या अंधारात तान वर चढायला लागली आणि मी सवयीनं श्वास भरून घेतला.

आवाज फाटला नाही. वरच्या षड्जावर जाऊन थांबला, लख्ख, स्थिर, आरामात. तरण्या माणसाचा आवाज.

मी अण्णांकडे पाहिलं. ते पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आत दुसराच कुणी गात होता.

रांगेतल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. कसं येणार? ओठ त्यांचे, चेहरा त्यांचा. आणि चार ओळी संपताक्षणी मागून एका आत्यानं, जिनं आयुष्यात सिनेमे थोडे आणि आमचे प्रयोग पुष्कळ पाहिलेले, टाळी वाजवून आरोळी ठोकली, "वन्समोअर!" मग काय, सगळी चामराजपेट उठली. "वन्समोअर! वन्समोअर!" पुढच्या रांगेतली कंपनीतली मुलंमुली मागे वळून बघायला लागली, एकानं शूटिंगही सुरू केलं. संगीत नाटकात पद रंगलं की ते पुन्हा मागायचा हक्क प्रेक्षकाला असतो, आणि गाणारा तो मोडत नाही. पण इथे कोण थांबणार? पडद्यावर वॉचमननं टोपी घातली, नायक लिफ्टकडे धावत सुटला.

आणि अण्णा उठले. वन्समोअर आला की ते दोन पावलं मागे जात, मान झुकवत आणि डावा हात पेटीवाल्याकडे करत. तो हात बाजूला गेला, माझ्या खांद्याला लागला. अर्धे उभे राहिले होते. मी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. "बसा अण्णा. बसा." ते बसले. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते विचारू नका. दिग्दर्शकाचा, त्या गुळगुळीत गळ्याचा, त्या आत्याचा, स्वतःच्या कानांचा सुद्धा. या कानांना कळलं नसतं तर काय बिघडलं असतं?

बाहेर आलो. मॉलच्या त्या चकचकीत फरशीवर आत्या, काका, पोरंबाळं सगळी अण्णांभोवती गोळा झाली. कुणी पायाला हात लावतंय, कुणी गाल कुरवाळतंय. "अय्यो अण्णा, काय आवाज लागला रे!" त्यांची मुलगी तर रडत होती. "अप्पा," ती म्हणाली, "मला माहीतच नव्हतं तुम्ही असं गायचा. लहानपणी मी झोपून जायचे ना... आज पहिल्यांदा ऐकलं मी तुम्हाला."

अण्णांनी हात जोडले होते. सगळ्यांना, गोल फिरून. त्यांच्या चेहऱ्यावर प्रयोगानंतरचं हसू होतं, रंग पुसायच्या आधीचं.

मी तोंड उघडलं. "अगं, तो आवाज," एवढं म्हटलं असेन. अण्णांनी माझं कोपर धरलं आणि मान हलवली. नको.

तेवढ्यात आलाच आमचा सेक्रेटरी, मोबाईल पुढे करून. "काकू, आता तरी! ओरिजिनल हिरॉइनची रिॲक्शन!" माझ्याभोवती गोल झाला. मनात घोळवलेलं सगळं जिभेवर होतं. चौदावा मजला, वायफाय, तळ्याकाठची मुकी जोडी, न आपटलेला पोळपाट. एकेक शब्द तासून ठेवला होता.

"छान आहे," मी म्हटलं.

"अजून काहीतरी ना काकू! बरं, अण्णांचं गाणं? लोकांना खरंच वाटत नाहीये. या वयात एवढा क्लीन आवाज! त्यांचाच आहे ना? तुम्ही सांगितलंत की विषय संपला."

अण्णांची मुलगी माझ्याकडे बघत होती, डोळे अजून ओले. अण्णा बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

"त्यांचाच आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं त्यांच्यासमोर गायले मी. मला नाही कळणार तर कुणाला?"

"सुपर्ब!" सेक्रेटरी म्हणाला.

त्या संध्याकाळीच मी दिग्दर्शकाला फोन लावला आणि त्याचा नमस्कारही पुरा होऊ दिला नाही. तो बिचारा गडबडून गेला. "ताई, तो पायलट साउंड होता. म्हणजे कच्चा. पत्र्याचा आवाज, पंख्याचा आवाज, तो वापरतच नाहीत. नंतर स्टुडिओत सगळ्यांचंच डबिंग होतं. अण्णांच्या ऑपरेशनचं कळलं, म्हणून आम्ही त्यांना त्रास दिला नाही. जुळता आवाज मिळावा म्हणून किती गायक ऐकले आम्ही! ताई, रिस्पेक्टनं केलंय सगळं."

"बरं. तो कच्चा आवाज मला दे."

"तो ठेवत नाही ताई. काम झालं की पुसतो. जागा खातो ना."

जागा खातो! मी फोन ठेवला. रागानं मला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. आमच्या घरचे म्हणाले, "उद्या बोल की शांतपणे." उद्या काय बोलणार होते मी? तो खोटं बोलला नव्हता, की कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही.

माझं ते चार वाक्यांचं चित्रण सेक्रेटरीनं कुठं कुठं पाठवलं कोण जाणे. आठवड्यात सिनेमाच्या जाहिरातीत माझा फोटो आला, तोंड अर्धवट उघडं, आणि खाली अवतरणात माझे शब्द: "छान आहे!" ते उद्गारचिन्ह त्यांनी पदरचं घातलं. गल्लीतल्या भाजीवाल्यापासून सगळे माझं अभिनंदन करायला लागले. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिले.

मग एका सकाळी अण्णा आले. बसले. कॉफी घेतली. मी वाट बघत होते की आता ते काही विचारतील, आणि मला त्या कच्च्या आवाजाचं सांगावं लागेल. त्यांनी काही विचारलं नाही. खिशातून फोन काढला आणि मला दाखवला. त्यावर मीच होते, मॉलमध्ये उभी.

"हे काय घेऊन बसलात?" मी म्हटलं. "गाण्याचा तुकडा बघायचा सोडून माझं थोबाड काय बघता?"

त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"गाणं नाही बघत मी," ते म्हणाले. "हेच बघतो. तू 'त्यांचाच आहे' म्हणतेस ना, ते. रोज बघतो. तू इतकं ठासून सांगितलंयस अक्का, की स्वल्प वेळ मलाही खरं वाटतं."